शितावरून भाताची परीक्षा, पण भात ढवळला का?

6 ऑगस्ट 2021 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या सक्रिय कोरोना रुग्णांचा आकडा शून्यावर आला. महाराष्ट्रात असं पहिल्यांदाच घडल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. हा शून्य चाचण्यांच्या नोंदींतला. चाचणी न करता अंगावर काढलेला ताप, बुडालेली मजुरी, लशीची धास्ती हे त्या नोंदींत कुठून येणार? ते टिपायला जगभर ऑनलाइन सर्वेक्षणं झाली. त्यातलं सर्वांत मोठं एप्रिल 2020 ते जून 2022 चाललं. फेसबुक वापरणाऱ्यांना बोलावणं जाई. अमेरिकेत कार्नेगी मेलन, तर भारतासह इतर देशांत मेरिलँड विद्यापीठ ते चालवत होतं.

पहिला गैरसमज फार चिवट आहे: उत्तरं जितकी जास्त, तितका आकडा खरा. अमेरिकेत आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक हा फॉर्म भरत. तरी मे 2021 मध्ये लशीचा किमान एक डोस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात प्रत्यक्षापेक्षा 17 टक्केबिंदूंनी जास्त दिसलं. काळजीपूर्वक निवडलेल्या जेमतेम हजार माणसांचं एक सर्वेक्षण मात्र खऱ्या आकड्याच्या जवळ होतं. भंडारा धानाचा जिल्हा, तिथं हे वेगळं समजवायला नको. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळला असेल तर. वरवरचाच भात काढत राहिलात, तर वाटीभर काढा की परातभर, तळाचा कच्चा राहिलेला कळत नाही.

आपल्याकडे तळाशी कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या फक्त 23.7 टक्के महिलांनी कधी तरी इंटरनेट वापरलं होतं. रोवणीला बांधीत उतरलेल्या बाईपर्यंत फॉर्म पोचणार कसा? घरातला एकुलता मोबाइल तेव्हा पोराच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला.

मग ही सर्वेक्षणं टाकाऊ? हाही गैरसमजच. तीच माणसं, तोच प्रश्न, तोच कल राहिला तर आकडा चुकला तरी चढउतार कळतो. ताप-खोकल्याच्या तक्रारी या आठवड्यात वाढल्या, एवढं कळणंही तेव्हा मोलाचं होतं. अर्थात उत्तर देणारेच हळूहळू बदलले, तर चढउतारही फसवा. वर सांगितलेली लशीची चूक महिन्यागणिक वाढतच गेली होती.

फेसबुकला तुमचा आजार कळत होता, असंही म्हटलं जाई. प्रत्यक्षात उत्तरं विद्यापीठाकडे जात. कोणी काय लिहिलं ते कंपनीला दिसत नसे.

आणि जिल्ह्याचं चित्र? आयसीएमआरच्या मे-जून 2020 च्या रक्तचाचणी सर्वेक्षणात देशातले 70 जिल्हे होते. महाराष्ट्रातले बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. भंडारा नव्हता.

राहता राहिली आपली घरोघरची पाहणी. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथकं दारोदार फिरली, ताप आणि ऑक्सिजन मोजून गेली. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या दारातही ती पोचली. पण दारातली पाहणी म्हणजे शंभर नंबरी सत्य, असंही नव्हे. आशाताई अंगणात उभी, शेजारी कुंपणावरून बघताहेत आणि मनात क्वारंटाइनची भीती. अशा वेळी 'घरात कुणाला ताप?' याचं उत्तर 'नाही जी' असंच येण्याची शक्यता जास्त. रात्री एकट्यानं फोनवर फॉर्म भरताना तोच माणूस कदाचित 'हो' वर बोट ठेवेल.