हलकी मोटार आणि तिची निवड

गेल्या वर्षी इंग्लंडात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याचे पत्र आले. सुटे भाग घरी आणून जोडावयाची एक हलकी मोटार घ्यावी आणि सुटीच्या दिवशी ती शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवावी, असा त्याचा मनोदय होता. चार वर्षांची शिल्लक त्यात जाणार होती. ‘मामा, कोणती घेऊ?’ एवढेच त्याने विचारले होते. पाठोपाठ थोरल्या बहिणीचा दूरध्वनी आला. तिचा प्रश्न निराळा होता : ‘असली मोटार घ्यावीच कशाला?’ दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून टिपण लिहिण्यात माझी नोकरी गेली आहे. त्यामुळे या प्रकरणातही मी तेच केले.

या मोटारीचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन आसनांची उघडी मोटार काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांवर तो नसे. म्हणून गिऱ्हाइकाने भाग घरी न्यावेत आणि स्वतःच जोडावेत, अशी सोय झाली. जोडणीच्या सूचना सोबत देण्यास मनाई असल्यामुळे चॅपमन यांनी मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असे सांगतात. नियमांतून वाट काढणारे लोक आम्हां सरकारी नोकरांना नेहमीच भेटतात. पण त्या वाटेने एवढी देखणी वस्तू बाहेर पडल्याचे उदाहरण विरळाच. १९७३ साली खरेदी-कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला व ती सवलत संपली. त्याच साली कॅटरहॅम कंपनीने ‘सेव्हन’चे हक्क घेतले. सवलत गेली तरी मोटार टिकली, ती तिच्या वजनामुळे.

हे वजन साधारण पाचशे किलो असते. आपली नित्याची प्रवासी मोटार चौदाशे किलोंची धरली आणि दोन्हींत पंचाहत्तर किलोंचा चालक बसविला, तर एकाच वेगाने धावताना हलक्या मोटारीतील गतिज ऊर्जा दुसरीच्या सुमारे दोन-पंचमांश भरते. मोटार थांबविताना ही सारी ऊर्जा ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. शर्यतीच्या मार्गावर हे दर वळणाशी घडते. जड मोटारीचे ब्रेक थोड्याच फेऱ्यांत तापून निकामी होऊ लागतात. हलकीचे तग धरतात. टायरांचेही तसेच आहे. भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून वळणावर हलक्या गाडीचे पारडे वर राहते, आणि टायरांचा खर्चही आटोक्यात राहतो. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. उघडी चाके आणि उघडी बैठक यांमुळे हवेचा विरोध फार होतो. लांब सरळ मार्गावर एखादी बंद, जड मोटार हिला सहज मागे टाकते. ज्या मार्गावर वळणे अधिक, तिथेच हिचे खरे राज्य.

आता निवडीकडे वळू. पहिला मोह एंजिनाचा. याच घराण्यात ३१० अश्वशक्तीची मोटार निघाली आणि २०२१ साली ८४ अश्वशक्तीची, अवघ्या ४४० किलोंचीही निघाली. धाकटीचे बळ टनामागे सुमारे १९० अश्वशक्ती पडते. दीडशे अश्वशक्तीच्या प्रवासी मोटारीत ते १०७ च्या आसपास असते. म्हणजे धाकटीदेखील दुबळी नव्हे. आणि नवशिक्याची चूक ती पोटात घालते, थोरली घालीत नाही.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. नामांकित संचात पोलादी नळ्यांचा सांगाडा कारखान्यातच सांधून येतो. आपण फक्त बोल्ट आवळावयाचे. याउलट १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत मोटार बांधण्याचे पुस्तक लिहिले, आणि घरीच सांगाडा जोडणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. विद्या म्हणून ती उत्तम. पण कच्च्या सांध्याची किंमत चालक देतो. जुनी मोटार घेताना ती कोणी बांधली, सांधे कसे आहेत आणि रस्त्यासाठीची सरकारी तपासणी ती उत्तीर्ण झाली आहे काय, हे रंगापूर्वी पाहावे.

तिसरी गोष्ट अंगाला बसण्याची. विकत घेण्याआधी मोटारीत प्रत्यक्ष बसावे. पायांची जागा इतकी अरुंद असते की रुंद बुटाने दोन पट्ट्या एकदम दाबल्या जाण्याचा संभव असतो. उंच माणसासाठी रुंद सांगाडा वेगळा मिळतो. याशिवाय डोक्यामागील भक्कम लोखंडी कमान, खांद्यांवरून येणारे पट्टे आणि शिरस्त्राण यांत काटकसर करू नये. रस्त्यासाठी उतरविलेला विमा बहुधा अशा मार्गावर लागू होत नाही, आणि आवाजाची मर्यादा ओलांडणाऱ्या मोटारीस मार्गावर प्रवेशच मिळत नाही, हेही आधीच विचारून घ्यावे.

मी भाच्याला लिहिले : लहान एंजिन घे, सांगाडा कारखान्याचा घे, आणि वाचलेल्या पैशातून एखाद्या जाणत्या शिक्षकाशेजारी बसून दोन-चार दिवस शीक. पत्राची एक प्रत मी बहिणीलाही पाठविली. मोटारीविषयी तिचे मत बदलले नाही. मात्र शिक्षकाची फी तिने आपल्याकडून पाठविली.