पाण्यांतून येणारे रणगाडे : ते ओळखावे कसे ?

लोखंडाचा गोळा पाण्यांत बुडतो, पण लोखंडाचेंच घमेलें अलगद ठेवलें तर तरंगतें, हें घरांतील लहान मुलालाहि ठाऊक असतें. वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारूं शकली कीं ती तरते, हा आर्किमिडीजचा नियम. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या ताब्यांतील किनाऱ्यांवर फौजा उतरविण्याचा प्रसंग आला, तेव्हां तीस टन वजनाचा रणगाडा समुद्रांतून पोहत नेण्याचा खटाटोप याच नियमाच्या आधारें झाला. त्या युद्धाचीं छायाचित्रें व चित्रपट आजहि घरोघर पाहिले जातात. परंतु त्यांत पाण्यांतून वर येणारें प्रत्येक यंत्र "पाण्यांतला रणगाडा" या एकाच नांवावर खपतें. वस्तुतः या यंत्रांचीं कुळें निराळीं, गुण निराळे आणि दोषहि निराळे. तो भेद ज्यांनीं नीट ओळखला त्यांचे जवान किनाऱ्यास लागले. जेथें तो विसरला गेला तेथें पुष्कळांस जलसमाधि मिळाली.

ओळखण्याची पहिली खूण एका प्रश्नांत आहे. समोरचें यंत्र मुळांत रणगाडा असून त्याला पोहावयास शिकविलें आहे, कीं ती मुळांत होडी असून तिला चालावयास शिकविलें आहे ? पहिल्या कुळांतील प्रमुख म्हणजे "डी. डी." रणगाडे, आणि दुसऱ्या कुळांतील प्रमुख म्हणजे अमेरिकेचीं "एल. व्ही. टी." वाहनें.

डी. डी. म्हणजे डुप्लेक्स ड्राइव्ह, अर्थात् दुहेरी चालना : जमिनीवर लोखंडी पट्टे आणि पाण्यांत मळसूत्री पंखे. ही युक्ति हंगेरींत जन्मलेल्या व पुढें इंग्लंडांत स्थायिक झालेल्या निकोलस स्ट्रॉसलर या इंजिनिअरची. तिचा पहिला प्रयोग १९४१ सालीं लंडनच्या ब्रेंट जलाशयांत टेट्रार्क नांवाच्या हलक्या रणगाड्यावर झाला. रणगाड्याच्या कमरेभोंवतीं पत्र्याची चौकट बसवून तिला जाड, पाणी न शिरणारा कॅनव्हसचा पडदा जोडीत. पडद्याला लागून असलेल्या रबरी नळ्यांत हवा भरली कीं पडदा ताठ उभा राही. आतां रणगाडा व पडदा मिळून एक मोठें घमेलेंच झालें ! गंमत अशी, कीं रणगाड्याचें धूड पाण्याच्या पातळीखालीं असे आणि पाण्यावर सुमारें तीन फूट कॅनव्हस तेवढें दिसे. दूरवरच्या शत्रूला ती एखादी क्षुल्लक नाव वाटावी. नायक बुरुजामागें उभा राहून पडद्यावरून डोकावे व दिशा सांभाळी. पट्टे वाळूला लागतांच हवा सोडून देत, पडदा खालीं पडे, आणि त्या नावेच्या जागीं तोफ रोखलेला रणगाडा उभा राही.

या कुळांत व्हॅलेंटाइन आणि शर्मन अशा दोन शाखा विशेष. व्हॅलेंटाइनला मागें एकच पंखा असे, आणि पडदा उभा असतांना त्याची तोफ मागें वळवून ठेवावी लागे. शर्मनला पंखे दोन, आणि त्याची तोफ पोहत असतांनाहि पुढेंच रोखलेली राही. हे पंखे पट्ट्यांच्याच गतीनें मागच्या चाकांवाटे फिरत. व्हॅलेंटाइनचा उपयोग मुख्यतः शिक्षणासाठीं झाला. पण शिक्षणहि निर्धोक नव्हतें. ४ एप्रिल १९४४ रोजीं इंग्लंडच्या स्टडलंड उपसागरांतील तालमींत हवा बिघडून कांहीं व्हॅलेंटाइन बुडाले व सहा जवान प्राणांस मुकले. कॅनव्हसच्या भिंतीस लाटांचें वावडें आहे, ही ताकीद समुद्रानें त्या दिवशींच देऊन ठेविली होती.

शर्मनमध्येंहि पोटभेद आहेत. ज्याचें अंग ओतीव असून कडा गोलसर, जणू साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या, तो एम् ४ ए १; अमेरिकन पलटणींचे डी. डी. या जातीचे. ज्याचें अंग पत्रे सांधून केलेलें व कोपरे धारदार, ते एम् ४ ए २ किंवा एम् ४ ए ४. हे ब्रिटिश व कॅनेडियन पलटणींकडे असत. या दोहोंत एम् ४ ए ४ अधिक लांब, कारण त्यांत पांच मोटार-इंजिनें एकत्र जोडून बसविलीं होतीं. त्यामुळें त्याच्या खालच्या चाकांच्या जोड्यांत मोकळी जागा स्पष्ट दिसते.

एक फसगत मात्र टाळावी. कांहीं शर्मनांच्या पाठीवर धुराड्यासारखे उंच चौकोनी नळ दिसतात. ते पोहणारे नव्हेत. उथळ पाण्यांत तळावरून चालत येतांना इंजिनाला हवा मिळावी एवढ्याचसाठीं ते नळ बसवीत. पडद्याची चौकट व पंखे नसतील तर तो डी. डी. नव्हे, हें पक्कें समजावें.

६ जून १९४४ रोजीं फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या पडद्याची खरी परीक्षा झाली. "ओमाहा" या सांकेतिक नांवाच्या किनाऱ्यासमोर त्या सकाळीं समुद्र खवळलेला होता. तरीहि ७४१ व्या अमेरिकन टँक बटॅलियनचे २९ डी. डी. किनाऱ्यापासून सुमारें तीन मैलांवर पाण्यांत सोडण्यांत आले. लाटांनीं पडदे दुमडले, आणि २९ पैकीं २७ रणगाडे तळास गेले. शेजारच्या ७४३ व्या बटॅलियनचे रणगाडे मात्र समुद्राचा रंग पाहून बोटींतूनच थेट वाळूवर नेण्यांत आले. "यूटा" किनाऱ्यावर पाणी आडोशाचें होतें व रणगाडे जवळून सोडले गेले. तेथें २८ सुखरूप पोहोंचले. यंत्र तेंच, सकाळ तीच. अंतर व लाटा यांचा अंदाज तेवढा वेगळा. ओमाहावर ज्या पायदळाला त्या रणगाड्यांचा आधार मिळावयाचा, त्याला त्या उणीवेची किंमत रक्तानें मोजावी लागली.

आतां दुसरें कूळ. याचा उगम युद्धांत नसून भूतदयेंत आहे. फ्लोरिडांतील दलदलींत वादळानंतर अडकलेल्या माणसांची सुटका करावी, म्हणून डोनाल्ड रोबलिंग यांनीं "ॲलिगेटर" म्हणजे सुसर या नांवाचें वाहन तयार केलें. अमेरिकन मरीन दलाचें लक्ष त्याकडे गेलें, आणि १९४१ पासून एल. व्ही. टी. १ बनूं लागली. या कुळाची पहिली खूण अशी, कीं त्यास पडदा नाहीं व पंखाहि नाहीं. अंगच होडीचें, आणि पट्ट्यांवरील वांकड्या पात्या वल्ह्यांप्रमाणें पाणी कापतात.

पहिल्या व दुसऱ्या नमुन्यांत इंजिन मागें असे. त्यामुळें जवानांना बाजूच्या कठड्यावरून, गोळ्यांच्या वर्षावांत, खालीं उड्या टाकाव्या लागत. एल. व्ही. टी. ४ मध्यें इंजिन पुढें सरकविलें व मागें खालीं पडणारा दरवाजा केला. आठ हजारांहून अधिक वाहनें या एकाच नमुन्याचीं झालीं. एल. व्ही. टी. ३ लाहि मागें दरवाजा आहे, पण तिचीं दोन इंजिनें दोन बाजूंच्या पोकळींत आहेत. ती १९४५ सालीं ओकिनावाच्या लढाईंत प्रथम उतरली. नांवांत कंसांतलें "ए" अक्षर आलें तर चिलखत समजावें. "ए १" वर हलक्या रणगाड्याचा बंद बुरूज व ३७ मिलिमीटरची तोफ. "ए ४" वर माथा उघडा असलेला बुरूज व ७५ मिलिमीटरची आंखूड हॉवित्झर. ब्रिटिशांनीं हींच वाहनें "बफेलो" नांवानें १९४४ सालीं हॉलंडमधील वाल्चरेन बेटावर आणि १९४५ सालीं ऱ्हाइन नदीवर वापरलीं.

या कुळाची परीक्षा २० नोव्हेंबर १९४३ रोजीं पॅसिफिकमधील तारावा येथें झाली. बेटाभोंवतीं प्रवाळाचा कडा होता व भरती अपुरी पडली. साध्या होड्या कड्यावर अडकल्या, आणि त्यांतील जवानांना छातीभर पाण्यांतून शेंकडों यार्ड चालत जावें लागलें. सव्वाशें एल. व्ही. टी. मात्र कडा चढून पलीकडे गेल्या. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक त्या लढाईंत कामास आल्या, कारण चिलखत अपुरें होतें. परंतु त्या नसत्या तर किनारा हातीं लागता ना.

जपानचा "का-मी" रणगाडा या दोन्ही कुळांहून वेगळा. त्याला पुढें व मागें पोकळ लोखंडी पेटारे जोडलेले असत. किनारा गांठल्यावर ते सोडून दिले कीं बाकी ३७ मिलिमीटर तोफेचा लहानसा रणगाडा उरे. म्हणून एकाच यंत्राचीं दोन छायाचित्रें दोन भिन्न यंत्रांचीं भासतात.

सारांश, पडदा पाहावा, पंखे मोजावे, पट्ट्यांच्या पात्या निरखाव्या, आणि दरवाजा कोठें आहे तें शोधावें. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉरक्रॉस गांवीं एक शर्मन डी. डी. आज उभा आहे. १९४४ सालच्या तालमींच्या काळांत तो बुडाला होता; केन स्मॉल यांच्या खटपटीनें तो १९८४ सालीं समुद्राच्या तळांतून वर काढण्यांत आला. तेथल्या तालमींत, २८ एप्रिल १९४४ च्या रात्रीं, जर्मन टॉर्पेडो-नौकांच्या हल्ल्यांत शेंकडों अमेरिकन जवान मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो तेथें ठेविला आहे. चाळीस वर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनहि त्याचें लोखंड टिकलें आहे. ज्याच्या भरंवशावर माणसें त्यांत बसून समुद्रांत उतरत, तें कॅनव्हस मात्र केव्हांच नाहींसें झालें.