पांढुर्ण्यात लिनक्सवर टीव्ही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

"लिनक्सवर टीव्ही ट्यूनर चालत नाही," हे मध्य प्रदेशातलं पांढुर्णा-सौंसर काय, कुठेही ऐकू येतं. खरं नाही. अनेक ट्यूनरचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतात; सीडी लागत नाही. घोळ होतो तो बहुधा खरेदीत.

स्वस्तात मिळणारा यूएसबी ट्यूनर सहसा अँटेनाचा असतो. तो इथे कामाचा नाही. दूरदर्शनची अ‍ॅनालॉग केंद्रं 2022 पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. 2016 साली ज्या 16 शहरांत जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यांत भोपाळ, इंदूर, औरंगाबाद होती, आपल्या जवळचं नागपूरसुद्धा नव्हतं. आपल्याकडे घ्यायचा तो छत्रीचा, म्हणजे डीव्हीबी-एस2 ट्यूनर.

घरावरची कुठलीही छत्री चालेल, हाही गैरसमजच. डीडी फ्री डिश येते जीसॅट-15 वरून, 93.5 अंश पूर्वेवरून. पांढुर्ण्यातून तो उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंशांवर असतो. खासगी डीटीएचची छत्री बहुतेक वेळा दुसऱ्याच उपग्रहाकडे बघत असते, आणि त्यांच्या कुलूपबंद वाहिन्या असा ट्यूनर उघडत नाही.

"सिग्नल नाही, म्हणजे लिनक्सच बिघडलं" या समजापायी चांगले ट्यूनर परत जातात. छत्रीपुढच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज ट्यूनरच पुरवतो, त्याच केबलमधून: उभ्या ध्रुवीकरणाला 13 व्होल्ट, आडव्याला 18. यूएसबीच्या 5 व्होल्टवर हे भागत नाही म्हणून अनेक डब्यांना वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो. तो लावायचा राहिला तरी अनेकदा संगणक ट्यूनर ओळखतो, /डेव्ह/डीव्हीबी फोल्डरही तयार होतो. स्कॅन मात्र कोरंच येतं. आधी अ‍ॅडॅप्टर पाहा, मग छत्रीची दिशा, मग सॉफ्टवेअर.

ड्रायव्हर असला की झालं, असंही नाही. काही चिपना फर्मवेअरची फाईल वेगळी लागते. ती नसेल तर कर्नेलच्या नोंदींत तसं स्पष्ट लिहून येतं. ट्रिस्केलसारख्या पूर्ण मुक्त प्रणालीत अशा बंदिस्त फाईल ठेवतच नाहीत. तिथे फर्मवेअर न मागणारा ट्यूनरच घ्यावा, आणि माझ्या मते तोच खरा सौदा.

म्हणून खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली कंपन्या आतली चिप बदलतात. दुकानातच लॅपटॉपला लावून 'एलएसयूएसबी' या आज्ञेने त्याचा क्रमांक बघा, त्याला लिनक्सचा ड्रायव्हर आहे याची खात्री करा आणि मगच पैसे द्या. पुढे कॅफिन या प्लेअरने स्कॅन केलं की सह्याद्री वाहिनी मध्य प्रदेशातल्या आपल्या मराठी घरातही दिसते, महिन्याचं भाडं न भरता.