हौशी रेडिओसंच आणि संगणकाचा वाढता वेग
हौशी रेडिओचालकांनी १९८०नंतरच्या दशकात संगणकांना परस्परांशी बोलते करण्यासाठी जी पॅकेट-पद्धती रूढ केली, तिच्यात सेकंदाला १२०० बिट एवढाच सर्वसाधारण वेग असे; कारण मोडेम १२०० व २२०० हर्ट्झचे दोन स्वर निर्माण करी आणि ते मानवी वाणीसाठी घडविलेल्या संचाच्या मायक्रोफोनमधून बिनतक्रार जात. परंतु १९८८ साली इंग्लंडमधील जेम्स मिलर यांनी ९६०० बिटांच्या मोडेमचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा ही वहिवाट अपुरी पडली. या संकेताचा विस्तार शून्याच्या निकटच्या कंप्रतेपासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत असतो, आणि वाणीचे परिपथ नेमके खालचे व वरचे स्वर छाटतात. सबब, ग्रहण केलेला संकेत ध्वनिवर्धकापाशी न घेता थेट डिस्क्रिमिनेटरच्या, म्हणजे कंप्रतेतील बदल उलगडणाऱ्या परिपथाच्या, मुखाशी घ्यावा, आणि पाठवावयाचा संकेत मायक्रोफोनला वगळून आंदोलकाची कंप्रता बदलणाऱ्या व्हॅरॅक्टर डायोडला द्यावा, अशी तजवीज करणे भाग पडे. एका तारेची जागा बदलण्यात यंत्राचे केवढे मर्मज्ञान लागते, हे मला या सर्व उद्योगातील खरे वैभव वाटते. एकाच बिटाची दीर्घ पुनरावृत्ती होऊ नये म्हणून मिलर यांनी बिटमालिका विस्कटून पाठविण्याची व दुसऱ्या टोकाला पूर्ववत जुळविण्याची योजनाही केली होती. तथापि कलामॉड्युलेशनवर चालणारे जुने संच या कामी निरुपयोगीच ठरत. आणि अनुकूल संचातही प्रक्षेपणाकडे वळताना सेकंदाचा दशांश खर्ची पडला, तर तेवढ्या अवधीत ९६० बिट जाऊ शकले असते.