काळ्या जमिनीसाठी फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे टायर कसे निवडावेत?

नांदेड व लातूर जिल्ह्यांत बैलजोडीची जागा आता बऱ्याच अंशी ट्रॅक्टरने घेतली आहे. अलीकडे चारही चाकांना ताकद देणारे, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरही गावोगावी दिसू लागले आहेत. ट्रॅक्टर घेताना शेतकरी अश्वशक्ती, डिझेलचा खर्च, हायड्रॉलिकची उचल या गोष्टी बारकाईने विचारतो. टायरची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक इंजिनाची सारी ताकद जमिनीपर्यंत पोहोचते ती टायरच्या तळव्यातून. टायर चुकीचा असेल तर डिझेल जळते, चाक जागच्या जागी फिरते आणि जमीन दबते. म्हणून टायरची निवड ही जितकी यंत्राची तितकीच जमिनीच्या मशागतीचीही बाब आहे.

आपली जमीन आणि टायर

देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर या पट्ट्यात जमिनीचे प्रकार जवळजवळ आढळतात. मांजरा नदीकाठी खोल, काळी, भारी जमीन आहे. माळाकडे गेल्यावर हलकी, मुरमाड जमीन लागते. देगलूर-बिलोली भागात काही ठिकाणी ग्रॅनाइटचा खडकही उघडा पडलेला दिसतो. काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमाती भरपूर असते. ती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत भरून बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि चाक घसरते. हीच जमीन मे महिन्यात दगडासारखी कडक असते. म्हणजे एकाच टायरला वर्षभरात चिखल, ढेकळे, मुरूम आणि मोंढ्याला जाणारा डांबरी रस्ता अशा चार ठिकाणी काम करावे लागते. या चारांपैकी आपले जास्तीत जास्त तास कोठे जातात, हे वहीत मांडून पाहणे ही निवडीची पहिली पायरी होय.

टायरवरील आकडे कसे वाचावेत?

टायरच्या बाजूवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. यातील १३.६ ही टायरची रुंदी इंचांत आणि २८ हा रिमचा व्यास इंचांत असतो. मध्ये आडवी रेघ असेल तर टायर साध्या, तिरप्या थरांचा असतो. तेथे इंग्रजी 'आर' हे अक्षर असेल तर तो रेडियल असतो. रेडियल टायरची बाजू लवचीक असते, त्यामुळे त्याचा तळवा जमिनीवर जास्त पसरतो, पकड वाढते व दाब कमी पडतो. मात्र त्याची किंमत जास्त असते आणि कमी हवेवर चालवण्याची शिस्त पाळली तरच त्याचा फायदा मिळतो. 'पीआर' पुढील आकडा टायर किती भार पेलू शकतो ते सुचवतो. चार अंकी तारखेत पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात बरीच वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर पडून राहूनही कडक होते.

नक्षीचे प्रकार

ताकद देणाऱ्या टायरवर तिरपे, उंच रबरी पट्टे असतात. त्यांना लग म्हणतात. त्यांच्या उंचीनुसार टायरचे पुढील प्रकार पडतात.

१) आर-१ : सर्वसाधारण शेतीचा टायर. नांगरणी, वखरणी, पेरणी व ट्रॉली अशी मिश्र कामे असणाऱ्यास हाच योग्य.

२) आर-१ डब्ल्यू : याचे लग आर-१ पेक्षा साधारण २० ते २५ टक्के उंच असतात. ओल्या, चिकट काळ्या जमिनीत खाचा मोकळ्या राहण्यास मदत होते. ज्यांची बहुतेक जमीन नदीकाठची भारी आहे व रस्त्यावरचे काम कमी आहे, त्यांनी याचा विचार करावा.

३) आर-२ : याचे लग आर-१ च्या जवळपास दुप्पट उंच असतात. हा टायर धानाच्या चिखलणीसाठी असतो. सीमेपलीकडे तेलंगणात धानाच्या पट्ट्यात तो उपयोगी पडतो. आपल्याकडे सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा ही पिके व त्यात ट्रॉलीची वाहतूक, अशा ठिकाणी तो कडक रस्त्यावर लवकर झिजतो व हादरेही देतो. स्वस्तात वापरलेला मिळतो म्हणून तो घेणे परवडत नाही.

४) आर-४ : खोदकाम व लोडरच्या यंत्रांसाठी. लग रुंद पण कमी उंच असतात. काळ्या ओल्या रानात पकड कमी पडते.

टायर बसवताना त्याच्या बाजूवरील बाण पुढच्या दिशेने असावा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास दोन्ही बाजूंच्या लगांची टोके मध्यभागी वर व पाय खाली दिसले पाहिजेत. टायर उलटा बसल्यास चिखल बाहेर फेकला न जाता मध्यभागी गोळा होतो.

रुंदी किती असावी?

रुंद टायर भार जास्त जागेवर पसरवतो, परंतु उभ्या पिकात तो ओळी तुडवतो. सोयाबीन ४५ सें.मी. अंतरावर पेरले असता हिशेब असा होतो. १२.४ चा टायर साधारण ३१.५ सें.मी. रुंद असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक बाजूस सुमारे पावणेसात सें.मी. जागा राहते. १३.६ चा टायर ३४.५ सें.मी. असल्याने सव्वापाच सें.मी. उरते. १४.९ चा टायर ३८ सें.मी. असल्याने साडेतीन सें.मी. उरते. १६.९ चा टायर तर ४३ सें.मी. भरतो व बाजूला जेमतेम एक सें.मी. राहते. यावरून उभ्या सोयाबीनमध्ये कोळपणी-फवारणी ट्रॅक्टरने करावयाची असल्यास १२.४ किंवा १३.६ पेक्षा रुंद टायर नको, हे स्पष्ट होते. फक्त नांगरणी-रोटाव्हेटर करणाऱ्यास १४.९ किंवा १६.९ चालेल. अर्थात मापाची निवड कंपनीने त्या ट्रॅक्टरसाठी दिलेल्या पर्यायांतूनच करावी.

रुंद सरी-वरंबा पद्धतीत चाके कायम सरीतच चालवणे हा आणखी चांगला उपाय आहे. देगलूरहून हैदराबादच्या रस्त्यावर असलेल्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी दीड मीटरच्या रुंद वाफ्याची पद्धत विकसित केली. तीत बैलांच्या अवजाराची चाके दर वेळी त्याच सरीतून जात. त्यामुळे पिकाची जागा न दबता भुसभुशीत राही. ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर आपल्या वाफ्याच्या मापाला जुळवून घेतल्यास हा लाभ आजही मिळतो.

पुढील व मागील टायरचा मेळ

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये सर्वाधिक नुकसान येथेच होते. पुढची चाके लहान व मागची मोठी असली तरी गिअरची रचना अशी असते की पुढच्या चाकाचा कडेचा वेग मागच्यापेक्षा किंचित, साधारण १ ते ५ टक्के, जास्त राहावा. यामुळे पुढची चाके ट्रॅक्टरला ओढतात. एकाच जोडीचे माप बदलले किंवा एकच जोडी नवी घातली तर हा मेळ बिघडतो.

उदाहरण पाहू. पुढच्या चाकाची त्रिज्या ४२ सें.मी. आहे. नक्षी २ सें.मी. झिजली तर परिघ जवळपास ५ टक्के घटतो. मूळ आघाडी ३ टक्के असल्यास ती संपते व पुढची चाके ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडवू लागतात. अशा वेळी मागे नवे टायर घातल्यास अडचण आणखी वाढते. उलट मागचे झिजलेले ठेवून पुढे नवे टायर घातल्यास आघाडी प्रमाणाबाहेर जाते, पुढचे टायर घासतात व पुढच्या धुऱ्यातील गिअरवर ताण येतो. टायरच्या पैशात बचत करताना हजारोंचे गिअर जाऊ नयेत.

मेळ तपासण्याची पद्धत सोपी आहे. पुढच्या व मागच्या चाकावर खडूने खूण करावी. मोकळ्या, भुसभुशीत सपाट रानात अवजार न लावता मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत. प्रथम पुढची ताकद बंद ठेवून व नंतर चालू करून मोजावे. समजा बंद असताना साडेपंधरा व चालू असताना सोळा फेरे झाले. फरक अर्धा फेरा. त्याला साडेपंधराने भागून १०० ने गुणल्यास सुमारे ३.२ टक्के येतात. हे प्रमाण योग्य आहे. एकापेक्षा कमी किंवा पाचापेक्षा जास्त आल्यास कारागिराकडून तपासून घ्यावे.

डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर पुढची ताकद बंदच ठेवावी. रानात माती सरकून हा फरक जिरतो, पक्क्या रस्त्यावर तो टायरच्या झिजेत व गिअरच्या ताणात निघतो.

चाक किती घसरते?

थोडी घसरण आवश्यकच असते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये साधारण ८ ते १२ टक्के व टू व्हील ड्राइव्हमध्ये १० ते १५ टक्के घसरण योग्य समजतात. मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांत मोकळा ट्रॅक्टर ४० मीटर गेला व नांगर लावून ३५ मीटर गेला, तर ५ मीटर म्हणजे साडेबारा टक्के घसरण झाली. त्याहून बरीच जास्त येत असल्यास नांगराची खोली कमी करावी, हवा तपासावी किंवा वजन वाढवावे. घसरण फारच कमी असल्यास ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असे समजावे. टायरमध्ये पाणी भरताना तोटी वरच्या बाजूस ठेवून तीन चतुर्थांशापर्यंतच भरावे. कडक जमिनीतील नांगरणीस हे वजन उपयोगी पडते. ओल्या रानात मात्र तेच वजन जमीन दाबते, म्हणून खरीप पेरणीपूर्वी ते कमी करावे.

हवा

वरच्या थरावर पडणारा दाब मुख्यतः टायरमधील हवेवर अवलंबून असतो, तर खोल थराचा दाब धुऱ्यावरील एकूण वजनावर. मागच्या टायरला शेतकामासाठी साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. ट्रॉली ओढताना ती वाढवावी लागते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यातील भार पाहून ठरवावा. बरेच ट्रॅक्टर वर्षभर रस्त्याच्याच हवेवर रानात चालतात. त्यामुळे तळवा आखडतो, चाक खचते व डिझेल वाढते. हवा मोजण्याचे मीटर घरीच ठेवावे. तूर व कापूस काढल्यावर राहिलेली टोकदार धसकटे टायर फाडतात, म्हणून अशा रानात शिरण्यापूर्वी ती उपटून किंवा बारीक करून घ्यावीत.

जीप व पिकअपबाबत

मळ्यावर जाण्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह जीप किंवा पिकअप असणाऱ्यांनीही चारही टायर एकाच मापाचे व शक्यतो सारख्या झिजेचे ठेवावेत. रस्ता व पांदण दोन्ही असल्यास 'ऑल टेरेन' नक्षी पुरेशी होते. 'मड टेरेन' नक्षी चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरी रस्त्यावर तिची पकड व आयुष्य कमी असते. जुन्या जीपचा व ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर ६.००-१६ या एकाच मापाचा असतो, म्हणून एकाचा दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. ट्रॅक्टरचा टायर ताशी ३० ते ४० कि.मी. वेगासाठीच बनवलेला असतो. जीपच्या वेगात तो तापून फुटू शकतो व जीव जाऊ शकतो.

वाफसा हाच खरा निकष

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी काढणीची व रब्बी पेरणीची घाई होते आणि फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर चिखलातूनही निघतो. परंतु ट्रॅक्टर जातो म्हणून रान तयार झाले, असे नव्हे. ओल्या काळ्या जमिनीवर पहिल्याच फेरीत सर्वाधिक दाब बसतो. त्याखाली घट्ट थर तयार होतो, पाणी मुरत नाही, हरभऱ्याची मुळे आडवी वळतात. हा थर पुढे कित्येक हंगाम त्रास देतो.

रानात शिरण्यापूर्वी एक वीत खोलीवरची माती हातात घ्यावी. ती दोन तळहातांत वळून पेन्सिलीपेक्षा बारीक वाती होत असतील तर थांबावे. वळताना तुटून भुगा होत असेल तर वाफसा आला असे समजावे. वरची माती सुकलेली दिसली तरी खालची पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. काढणीसाठी जाणे अटळच असेल तर हवा कमी करावी, ट्रॉली बांधावर ठेवावी, भरलेली पोती थोडी थोडी बाहेर आणावीत आणि सर्व फेऱ्या एकाच चाकोरीतून कराव्यात. पुढे वाफशावर तेवढीच चाकोरी मोडावी लागेल, बाकीचे रान वाचेल.

टायर तीन-चार हजार तासांत बदलता येतो, दबलेली जमीन बदलून मिळत नाही. म्हणून आपली जमीन, आपले पीक व आपले तास पाहून टायर घ्यावा आणि रानात कधी शिरायचे हे मात्र वाफशालाच विचारावे.