काचपेटीतले मासे फिके का पडतात?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हा रंगीत मासे जवळून पाहावयास मिळणे ही एक अपूर्वाई होती. त्यांतले कित्येक मासे आज कोणत्याही मोठ्या शहरातल्या दुकानात, पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकत मिळतात. मुलाच्या वाढदिवसाला कोणी हौसेने काचपेटी आणून देतो. पहिले काही दिवस सारे घर तिच्याभोवती गोळा होते. मग दोन-तीन महिने जातात, आणि एके दिवशी कोणाच्या तरी ध्यानात येते की आपला केशरी सुवर्णमत्स्य, ज्याला बाजारात गोल्डफिश म्हणतात तो, पिवळट दिसू लागला आहे. नियॉनच्या अंगावरची निळी रेघ मंदावली आहे. मूल विचारते, ‘याचा रंग कुठे गेला?’ आणि वडीलधारी माणसे निरुत्तर होतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण बहुधा दोन गोष्टी करतो. दुकानातून एखादे औषध आणतो, किंवा दिवा अधिक प्रखर लावतो. मीही एकदा असेच काहीसे केले होते आणि त्याची किंमत माशांनी दिली. ती हकिकत पुढे येईल. आधी माशाच्या अंगावर रंग असतो कोठे आणि तो टिकतो कशाच्या आधाराने, हे पाहू.

माशाचे खवले स्वतः जवळजवळ पारदर्शक असतात. रंग असतो तो त्यांना वेढणाऱ्या त्वचेतल्या विशिष्ट पेशींत. या रंजकपेशी मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. एका प्रकारात मेलॅनिन नावाच्या काळ्या द्रव्याचे कण असतात. दुसऱ्यात पिवळी, केशरी व तांबडी द्रव्ये असतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत रंगाचे द्रव्य मुळी नसतेच. तेथे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला रुपेरी किंवा निळा दिसतो. मोरपिसातला निळा रंगही अशाच सूक्ष्म रचनेतून निर्माण होतो. नियॉन माशाची झळकणारी रेघ ही याच पेशींची करामत होय.

आता यांतल्या काळ्या कणांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे कण पेशीत स्थिर नसतात. मुठीतली रांगोळी एका जागी ओतली तर तिचा लहानसा ढीग होतो, आणि तीच पसरली तर सारे अंगण भरते. त्याप्रमाणे हे कण पेशीच्या मध्यावर गोळा झाले म्हणजे मासा फिका दिसतो, आणि पेशीभर पसरले म्हणजे गडद दिसतो. कणांची ही हालचाल मज्जातंतू आणि संप्रेरके यांच्या आज्ञेने होते, आणि अनेक माशांत ती काही मिनिटांत पूर्ण होते.

फ्रान्सिस समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने चपट्या सागरी माशांवर केलेले प्रयोग १९११ साली प्रसिद्ध झाले. त्याने हे मासे बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर व रंगीबेरंगी खड्यांवर ठेवले, तेव्हा तळाशी जुळती अशी छटा ते आपल्या अंगावर आणीत असल्याचे दिसून आले. मासा डोळ्यांनी तळ पाहतो आणि त्याची त्वचा त्याप्रमाणे वागते. त्याच वर्षी कार्ल फॉन फ्रिश याने गोड्या पाण्यातल्या एका लहान माशावर संशोधन करून, अंध माशाच्या मेंदूलाही प्रकाशाची जाणीव होते व त्याचा रंग त्यानुसार पालटतो, असे दाखवून दिले. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारा व १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ तो हाच.

या प्रयोगांवरून आपल्या घरातल्या काचपेटीबद्दल दोन गोष्टी समजतात. पहिली ही की पांढरीशुभ्र वाळू आणि उघडी काच असलेल्या पेटीत मासा फिका दिसणे हे बऱ्याच वेळा स्वाभाविक असते. तो आजारी नसतो. आपल्या परिसराशी जुळवून घेत असतो. तळाशी गडद वाळू, मागच्या काचेला काळा वा हिरवा कागद आणि थोड्या पाणवनस्पती एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. दुसरी गोष्ट रात्रीची. अंधारात नियॉनसारखे कित्येक मासे आपले रंग आवरून घेतात. पहाटे दिवा लावल्याबरोबर ते निस्तेज दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे. रंग परत येतो.

हे झाले घटकाभराचे फिकेपण. आठवडेच्या आठवडे टिकणारे फिकेपण मात्र निराळे. त्याची कारणे प्रामुख्याने पाणी, अन्न आणि स्वास्थ्य या तिहींत शोधावी लागतात.

पाण्याची गोष्ट सांगताना मला माझी चूक सांगितली पाहिजे. माझ्या पहिल्या काचपेटीत सहा मासे होते. ते किंचित फिके वाटले, तेव्हा पेटी अस्वच्छ झाली असावी अशी माझी समजूत झाली. एका रविवारी मी सगळे पाणी उपसून टाकले, वाळू नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुतली, गाळणीतला स्पंज पिळून पिळून पांढरा केला आणि पेटी नळाच्या ताज्या पाण्याने भरली. ती आरशासारखी लखलखत होती. तीन दिवसांत मासे आणखी फिके झाले, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि आठवड्याच्या अखेरीस सहांपैकी दोनच उरले.

मी ज्याला घाण समजून धुऊन काढले, तोच त्या पेटीचा प्राण होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजले म्हणजे त्यातूनही अमोनिया निघतो, आणि तो माशांना विषारी असतो. वाळूवर व स्पंजात वाढणारे जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य. निसर्गातले हे कार्य जीवाणू करतात, हे सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सिद्ध केले. हे जीवाणू नव्या पेटीत रुजण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. ते मी एका सकाळी वाहून जाऊ दिले, आणि उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारले. त्या वेळी माशांचे वाढते फिकेपण ही धोक्याची सूचना होती. मला ती वाचता आली नाही.

म्हणून पाणी बदलावयाचे ते आठवड्यातून एकदा, एक-चतुर्थांशाच्या आसपास. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात चोवीस तास उघडे ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी मात्र पाण्यात क्लोरामाइन घालतात. ते असे उडत नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे पाणी शुद्ध करण्याचे द्रावण, त्यावरील सूचनेनुसार वापरणे इष्ट. गाळणीतला स्पंज पेटीतून काढलेल्या जुन्याच पाण्यात हलकेच खळबळावा.

पाण्याचे तापमानही तितकेच महत्त्वाचे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. सुवर्णमत्स्य त्याहून थंड पाण्यात सुखी असतो. तेव्हा या दोघांना एका पेटीत नांदविणे हिताचे नाही. दिल्लीच्या डिसेंबरात गप्पी किंवा एंजल मासा गारठून फिका पडतो. त्याला तापक लागतो. उलट नागपूरच्या मे महिन्यात पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेथे हवेचा पंप आणि सावली यांची गरज असते.

आता अन्नाकडे वळू. कोळंबी शिजवली की लाल होते, हे कोकणातल्याच काय, कोणत्याही किनाऱ्यावरच्या गृहिणीला ठाऊक असते. ते लाल द्रव्य आधीपासूनच तिच्या कवचात असते. प्रथिनाशी जखडलेले असल्यामुळे ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिन मोडले की मूळचा तांबडा रंग मोकळा होतो. कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांच्या कुटुंबातले हे एक द्रव्य आहे. गाजर, झेंडू व शेवाळ यांचे रंग याच कुटुंबातले. माशाचे पिवळे-तांबडे रंग मुख्यतः याच द्रव्यांचे असतात, आणि ती माशाला स्वतःच्या शरीरात मुळापासून बनविता येत नाहीत. अन्नातूनच मिळवावी लागतात. सुवर्णमत्स्याला एवढे साधते की अन्नातल्या काही पिवळ्या द्रव्यांपासून तो तांबडे द्रव्य घडवू शकतो. पण पिवळे तरी कोणी द्यावयास हवे ना? भिगवणला वा मुंबईच्या शिवडीला उतरणारे रोहित पक्षी पाहिले असतील, तर त्यांच्या गुलाबी पिसांचे रहस्यही हेच. प्राणिसंग्रहालयात योग्य अन्न न मिळाल्यास नवी पिसे फिकी येतात.

आपण वर्षभर एकाच डब्यातले कोरडे खाद्य घालतो. डबा वारंवार उघडला जातो, हवा व प्रकाश यांनी त्यातली रंगद्रव्ये नासतात, आणि मासा पोट भरूनही रंगाला मुकतो. तेव्हा लहान डबा घ्यावा, झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांत संपवावा. स्पिरुलिना या हरितशेवाळासारख्या सूक्ष्म जीवापासून केलेले खाद्य आणि डाफ्निया किंवा लहान सागरी कोळंबीसारखे खाद्य यांचा अदलाबदल करावा. सुवर्णमत्स्याला उकडून सोललेला वाटाणा द्यावा. झेंडूच्या पाकळ्यांची पूड कोंबड्यांच्या खाद्यात घालून अंड्याचा बलक पिवळाधमक करतात. माशांच्या खाद्यातही ती वापरतात. परंतु देवासाठी आणलेल्या हारातली फुले पेटीत टाकण्याचा मोह टाळावा, कारण त्यांवर कीटकनाशक फवारलेले असण्याचा संभव असतो. आणि खाद्य कोणतेही असो, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. अन्नाने आलेला रंग आठवडे घेतो, म्हणून दोन दिवसांत चमत्काराची अपेक्षा करू नये.

तिसरी गोष्ट स्वास्थ्याची. ज्या माशाचा पेटीतले दांडगे मासे सतत पाठलाग करतात, ज्याला लपावयास जागा नाही, जो कळपात राहणारा असून एकटा पडला आहे, तो फिका पडतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या वाहत्या नद्यांत, केरळ-कर्नाटकात, ‘मिस केरला’ म्हणून ओळखला जाणारा लाल रेघेचा मासा सापडतो. त्याच्या जातकुळीला शास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘सह्याद्रिया’ असे नावच दिले. थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात थव्याने पोहणारा हा मासा लहानशा साचलेल्या पेटीत एकटा ठेवला, तर त्याची रेघ उजळ राहावी कशी? हा मासा निसर्गात दुर्मिळ होत चालला आहे, हेही तो घेताना लक्षात असावे.

काही फिकेपण मात्र आपल्या हातात नसते. सुवर्णमत्स्याची पिले जन्मतः मातकट-हिरवट असतात. ती मोठी होताना काळ्या पेशी नाहीशा होऊन सोनेरी रंग उमटतो. काहींच्या बाबतीत हा बदल पुढे चालू राहून मासा पांढरा होतो. तो त्याच्या वंशाचा भाग आहे. आणि काही मासे तर खोट्या रंगाचेच विकले जातात. आपल्या देशातला काचेसारखा पारदर्शक चांदा मासा घेऊन त्याच्या अंगात सुईने झगझगीत रंग टोचण्याची क्रूर प्रथा व्यापारात पडली. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात तिच्याविरुद्ध मोहीमही झाली. असा रंग काही महिन्यांत उतरतो, आणि टोचलेल्या जखमांतून रोग शिरतात. पारदर्शक माशाच्या अंगावर गुलाबी वा हिरवा पट्टा दिसला, तर तो न घेणे हीच त्या जातीला आपली मदत होय.

तर मग आपला मासा फिका दिसला म्हणजे काय करावे? प्रथम थोडा वेळ शांतपणे पाहावे. दिवा नुकताच लावला आहे काय? मासा नीट पोहतो व खातो आहे काय? पर मिटून कोपऱ्यात बसतो, अंग घासतो, धापा टाकतो, किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात काय? मग पाण्याची तपासणी करावी. तपासण्याच्या पट्ट्या किंवा द्रावणे दुकानात मिळतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य असावयास हवीत. ती वाढलेली असतील तर त्याच दिवशी पाव भाग पाणी बदलावे व खाद्य कमी करावे. पाणी निर्दोष असेल तर अन्न, तापमान, सोबती यांकडे पाहावे. औषध शेवटी, आणि रोगाची ओळख पटल्यावरच, शक्य तर वेगळ्या भांड्यात द्यावे. कारण काही औषधे आपल्या उपकारी जीवाणूंनाही मारतात.

माझ्या त्या पेटीत उरलेले दोन मासे पुढे पुष्कळ दिवस जगले. मी रोज थोडे कमी खाद्य घालू लागलो, दर रविवारी एक बादली पाणी बदलू लागलो, आणि उरलेला वेळ नुसता त्यांच्यासमोर बसू लागलो. दीड-दोन महिन्यांनी त्यांचा रंग परतला. तो नेमका कोणत्या दिवशी परतला, हे मात्र मला सांगता येणार नाही. मुलाने विचारले, ‘याचा रंग कुठे गेला?’, तर त्याला घेऊन पेटीसमोर बसावे, आणि दोघांनी मिळून पाहण्यास सुरुवात करावी.