रंगपेटीविना रंगकाम

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. कोणा कचेरीने तो काढून टाकला आणि आमच्याकडे आला. इंटरनेट नाही, खेळ नाहीत, म्हणून मुले त्याच्याकडे फिरकत नसत. पण त्यात 'पेंट' आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती काढली, तेव्हापासून हा चित्र काढण्याचा साधा प्रोग्राम तिच्यासोबत येत आला आहे. २०१७ साली कंपनीने तो मागे सारायचे ठरवले, तेव्हा जगभरच्या लोकांनी इतकी हळहळ व्यक्त केली की तो टिकला.

गेल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी त्यापुढे येऊन बसली. तिने चित्रकला सोडूनच दिली होती. शाळेत सांगितलेली जलरंगांची पेटी घरी परवडली नाही, आणि माणूस काढला की हात वाकडे येतात म्हणून वर्ग हसला होता. आम्ही तिला म्हटले, "माणूस काढूच नकोस. झाड नको, घर नको. नुसते आकार आणि रंग मांड."

आता वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे चित्र की रेघोट्या? प्रश्न रास्त आहे. ओळखीची वस्तू नसलेल्या चित्राला अमूर्त चित्र म्हणतात. गाण्यातले शब्द काढले तरी चाल उरते, तसेच हे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे माणसे-झाडे सोडून निव्वळ रंगांच्या थरांवर आले. कुंचला बाजूला ठेवून ते रोलर वापरत. होय, भिंतीवर फिरवतात तसलाच रोलर! २००१ साली ते वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

तर पेंटमध्ये काय करायचे? पडद्यावरचे चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. रेघेचे हत्यार घेऊन पानभर आडव्यातिडव्या रेघा मारा. शिफ्टचे बटण दाबून धरले तर रेघ सरळ येते. रेघांमुळे तुकडे पडतील. मग रंगाच्या डब्याचे चिन्ह निवडून एकेका तुकड्यावर माउस टिचकवा. तुकडा क्षणात भरतो. मात्र रेघेत एका ठिपक्याची जरी फट राहिली, तरी रंग तिथून गळतो आणि शेजारचा भागही व्यापतो. आमच्या मुलीचे पहिले चित्र असेच सगळे लाल झाले. ती रडवेली झाली. कंट्रोल आणि झेड ही बटणे एकदम दाबली की केलेले मागे फिरते, हे दाखवल्यावर मात्र ती मुद्दाम फटी ठेवून रंग कुठवर जातो ते पाहू लागली. कागदावर हे धाडस परवडत नाही. एक पान बिघडले की एक पान गेले.

दुसरी गंमत तिची तिलाच सापडली. चित्राचा एक तुकडा चौकटीने निवडायचा, शिफ्ट दाबून धरायचे आणि तो ओढायचा. त्याच्या मागे त्याच तुकड्याची लांबच लांब शेपटी उमटत जाते, पत्त्यांचा कॅट पसरावा तशी. दुपारभर ती तेच करीत होती.

हे पोरखेळ आहेत असे वाटत असेल तर अमेरिकेतील हॅल लास्को यांचे उदाहरण पाहा. १९१५ साली जन्मलेले हे गृहस्थ अक्षरांची रेखाटणी करून पोट भरत. उतारवयात दृष्टी अधू झाली, कुंचला चालेना. घरच्यांनी त्यांना पेंट दाखवले. चित्र मोठे करून ते एकेक ठिपका रंगवीत, आणि २०१४ साली निधन होईपर्यंत त्यांच्या त्या चित्रांचे नाव झाले होते.

संध्याकाळी मुलीला न्यायला तिचे पप्पा आले. ते रंगारी आहेत, कामावरून थेट आलेले. पडद्याकडे पाहून आधी म्हणाले, "हे काय गं?" मग खुर्ची ओढून बसले. "हा करडा या पिवळ्याशेजारी मळका दिसतोय. तोच करडा तिकडे निळ्यापाशी बघ, कसा उजळतो." आम्ही दोन्ही करडे तपासले. रंग एकच होता! पेंटमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रमाणांतून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा बनवता येतात, पण कोणती कुणाशेजारी ठेवायची हे यंत्र सांगत नाही. ते पप्पांना ठाऊक होते. बापलेक तासभर उठले नाहीत.

चित्र साठवताना आम्ही पीएनजी हा प्रकार निवडला, कारण जेपीजीत रंगांच्या कडा मळतात. दुसऱ्या दिवशी दुकानातून कागदावर छापून आणले, तर रंग फिके! पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. मुलगी हिरमुसली. पप्पा म्हणाले, "अगं, डब्यातला रंग आणि भिंतीवर वाळलेला रंग कधी एक असतो का? उद्या दोन छटा गडद घे."